डॅटसन का बुडाली? गाडी वाईट होती की नावच वेगळं काढायला नको होतं?

चाकोरीबाहेर

एप्रिल २०२२ मध्ये निसानने चेन्नईच्या कारखान्यात रेडी-गो बनवणं बंद केलं आणि निसानचं स्वस्त गाड्यांसाठीचं डॅटसन हे नाव आपल्याकडून गेलं. रशिया आणि इंडोनेशियातून तर २०२० लाच गाशा गुंडाळला होता. निसानचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांनी मार्च २०१२ मध्ये जाकार्ताला जाहीर केलं होतं की ८० च्या दशकात आम्हीच बंद केलेलं हे नाव आता पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांसाठी परत आणतोय, आधी भारत, इंडोनेशिया आणि रशिया, मग त्यात दक्षिण आफ्रिका आली. दहा वर्षांत सगळं संपलं. आणि आता कुठेही विषय निघाला की लोक 'डबा होता, बुडणारच' एवढं बोलून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं असं की गाडी एवढी वाईट नव्हती, स्वस्त गाडीसाठी वेगळं नाव काढलं तिथेच घोडं अडलं आणि बाकीचं सगळं त्याच्या मागून आलं.

मार्च २०१४ ला डॅटसनची गो आली, दिल्ली एक्स-शोरूम ३ लाख १२ हजारापासून. त्या पैशात अल्टोत ८०० सीसी मिळायचं, गोमध्ये १२०० सीसी, तीन सिलिंडर, ६८ हॉर्सपॉवर, म्हणजे निसानच्या मायक्राचंच इंजिन आणि खालचा सांगाडाही मायक्राचाच. मागे माणसं पाय सोडून बसायची, डिकी २६५ लिटरची. हिशेबाने बघितलं तर अल्टो घ्यायला निघालेल्या माणसाने एकदा तरी थांबून विचार करायला हवा होता, पण तो थांबलाच नाही. बरं गो विकायला वेगळी दुकानं नव्हती, निसानच्याच शोरूममध्ये उभी असायची आणि शेजारी मायक्रा अॅक्टिव्ह, जी निसानने आदल्या वर्षी साडेतीन लाखापासून आणली होती. आता मला सांगा, चाळीस हजार जास्त टाकले की निसानचं नाव मिळतंय आणि नाही टाकले तर दुसरं नाव मिळतंय, हे ज्या गिऱ्हाईकाला शोरूममध्ये उभं राहून दिसतं त्याला कंपनी काय सांगतेय? की तुझं बजेट आमच्या नावाला पुरत नाही.

आणि याहून मोठा पुरावा क्विड. निसानची भागीदार कंपनी रेनोने सप्टेंबर २०१५ ला क्विड आणली, निसानने जून २०१६ ला रेडी-गो. खालचा प्लॅटफॉर्म एकच, ७९९ सीसीचं इंजिन एकच, ५४ हॉर्सपॉवर दोघांचीही, कारखाना एकच, चेन्नईजवळचं ओरगडम. अगदी सख्खी भावंडं. रेडी-गो तर २ लाख ३८ हजारापासून म्हणजे क्विडपेक्षा स्वस्त. तरी क्विडसाठी लोक वेटिंगला थांबले आणि रेडी-गो कधी उचललीच नाही. रेनोने क्विडवर स्वतःचा लोगो लावला होता, फरक तिथे आहे.

आपल्याकडे पहिली गाडी म्हणजे घरातला मोठा निर्णय असतो, वर्षानुवर्षं पैसे साठवून किंवा पाच-सात वर्षांचा हप्ता अंगावर घेऊन माणूस ती दारात आणतो, पेढे वाटतो, आणि मग येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो कुठली घेतली. डॅटसन. ही कुठली कंपनी? निसानचीच आहे. हे 'निसानचीच आहे' प्रत्येक मालकाला सांगत बसावं लागलं. अल्टोवाल्याला कधी काही सांगावं लागलं का?

निसानला २०१६ पर्यंत भारतात १० टक्के मार्केट हवं होतं. डॅटसन धरूनही गाडा २ टक्क्यांच्या आसपासच अडकला.

पाचवा गिअर

असहमत, आणि क्विडच्या मुद्द्यावर तर पूर्ण असहमत. प्लॅटफॉर्म एक म्हणजे गाडी एक असं होत नाही हो. गिऱ्हाईक गाडीखाली वाकून प्लॅटफॉर्म बघत नाही. क्विडची लांबी ३६७९ मिमी, रेडी-गोची ३४२९, म्हणजे जवळजवळ एक वीत लांबी कमी. क्विडची डिकी ३०० लिटर, रेडी-गोची २२२. क्विडला एसयूव्हीसारखं नाक, डिजिटल मीटर, वरच्या मॉडेलला टचस्क्रीन, त्या काळात त्या किमतीत हे कोणीच देत नव्हतं. रेडी-गो उंच आणि अरुंद. दोन्ही शेजारी लावा आणि गाड्यांतलं काही न कळणाऱ्या माणसाला विचारा कुठली महाग असेल. तो क्विडकडेच बोट दाखवणार.

आता गो. पहिल्या गोमध्ये कधी बसलायत का? हँडब्रेक दोन सीटच्या मध्ये नाही, डॅशबोर्डखाली एक दांडा, तो ओढायचा आणि सोडताना पिळायचा, जुन्या जीपला असायचा तसा. गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून बाहेर आलेला. पुढच्या दोन सीट मधल्या कापडाने जोडलेल्या. समोरच्या खणाला झाकण नाही, कागदपत्रं ठेवली की उघड्यावर. म्युझिक सिस्टिम नाही, मोबाइल अडकवायला एक स्टँड आणि वायर. दाराच्या आतल्या बाजूला रंगवलेला पत्रा तसाच दिसायचा. पैसे वाचवायला कोणाची ना नाही पण त्यांनी नेमके जिथे रोज हात लागतो तिथेच वाचवले. इंजिन मायक्राचं आहे हे बॉनेट उघडल्यावर कळतं, खणाला झाकण नाही हे शोरूममध्ये बसल्या बसल्या कळतं.

आणि तुमचा नावाचा मुद्दा खोडायला एकच गाडी पुरे आहे, इटिऑस. डिसेंबर २०१० ला टोयोटाने आणली, टोयोटाच्याच नावाने, इंजिन दणकट, जागा भरपूर. पण आतून साधी, मीटर मध्यभागी, प्लॅस्टिक हलकं. झालं काय? टॅक्सीत गेली. घरच्या वापरासाठी घेणाऱ्यांनी पाठ फिरवली आणि २०२० ला बंद झाली. टोयोटाहून मोठं नाव आपल्याकडे कुठलं आणायचं?

घाटरस्ता

पाचवा गिअर +१. इटिऑसचं उदाहरण चपखल आहे.

मुळशीचा पाऊस

तुम्ही दोघंही लोगो आणि प्लॅस्टिकवर भांडताय आणि मूळ गोष्ट कोणी बोलतच नाहीये याचं मला खरंच वाईट वाटतंय.

नोव्हेंबर २०१४. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने गोची क्रॅश टेस्ट केली. मोठ्या माणसांसाठी शून्य स्टार. नुसता शून्य नाही, त्यांनी स्पष्ट म्हटलं की सांगाडाच इतका कमकुवत आहे की एअरबॅग लावूनही फारसा उपयोग नाही. त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी थेट घोन यांना पत्र लिहिलं की ही गाडी भारतात विकणं थांबवा. कंपनीने काय उत्तर दिलं? की गाडी भारतातल्या नियमांप्रमाणे आहे. तेव्हा आपल्याकडे तसा नियमच नव्हता त्यामुळे हे उत्तर कायद्याने बरोबर होतं पण माणूस म्हणून मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. आम्ही मागच्या सीटवर लेकरं बसवून एक्सप्रेसवेला लागतो. तीन लाखाची गाडी घेणाऱ्याच्या जिवाची किंमत कमी असते का? आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१५ ला, गो प्लस आणली, चार मीटरच्या आत तीन रांगा, ३ लाख ७९ हजारापासून. शेवटच्या रांगेत मुलंच बसू शकतात एवढी ती छोटी. त्यातही एअरबॅग नाही.

असा ब्रँड गेला याचं मला दुःख नाही.

चाकोरीबाहेर

मुळशीचा पाऊस, तुमची कळकळ पटते आणि गाडी सुरक्षित असायलाच हवी यात वाद नाही. पण प्रश्न 'का बुडाली' हा आहे. त्याच वर्षी जानेवारीत याच संस्थेने अल्टो ८००, आय-१०, फिगो, पोलो आणि नॅनो तपासल्या होत्या, पाचही शून्य. गोबरोबर त्याच नोव्हेंबरात स्विफ्ट तपासली, तिलाही शून्य. अल्टो त्यानंतरही वर्षानुवर्षं देशात सगळ्यात जास्त खपत राहिली. क्विडलासुद्धा २०१६ च्या पहिल्या टेस्टला शून्यच होता आणि लोक तरी रांगेत. शून्य स्टारने गाड्या बुडत असत्या तर तेव्हाचं निम्मं मार्केट बुडालं असतं.

मुळशीचा पाऊस

हो, पण त्यांच्यात फरक आहे ना. मारुतीजवळ तीस वर्षांची पुण्याई होती. घरात आधीची मारुती असते, काकांची असते, ऑफिसातल्या कोणाची तरी असते, तिचं वाईट ऐकलं तरी माणूस म्हणतो आमची तर कधी त्रास देत नाही. डॅटसन नवी होती आणि बहुतेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ठळकपणे ऐकलं ते या बातमीतच. पहिल्याच घासाला खडा लागला की माणूस ताट सरकवतो. फोक्सवॅगनने शून्य मिळाल्यावर पोलोच्या सगळ्या मॉडेलला एअरबॅग दिल्या, विषय तिथे संपवला. निसानने गोला सगळ्या मॉडेलमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय) दिलं ते ऑक्टोबर २०१८ ला, चार वर्षांनी. तोवर कोण बघायला येतंय. आणि रेडी-गोला २०१९ ला एक स्टार मिळाला, एवढीच काय ती सुधारणा.

जुना स्पॅनर

मी गॅरेजवाला माणूस, माझं मत थोडक्यात.

निसानच्या इंजिनला नावं ठेवायची नाहीत. प्रीमियर ११८ एनई आठवते का कोणाला? कुर्ल्याच्या प्रीमियरने ८५ साली काढली, बॉडी फियाट १२४ ची आणि आत निसानचं ए-१२ इंजिन, नावातलं एनई ते त्यासाठीच. तेच इंजिन जपानात डॅटसन १२०० ला होतं. म्हणजे डॅटसनचं इंजिन मुंबईच्या रस्त्यांवर तीस वर्षं आधीच पळून गेलंय, फक्त कोणाला माहीत नाही. वडील ज्या गॅरेजात होते तिथे त्या गाड्या यायच्या, नीट तेलपाणी केलं तर इंजिन खोलायची पाळी सहसा यायची नाही. आणि लष्करातली जोंगा, जबलपूरला बनायची, तीही निसानच्या 'पॅट्रोल' नावाच्या गाडीवरून घेतलेली.

पण गावाकडचा माणूस माझ्याकडे गाडी घ्यायच्या आधी येतो तेव्हा इंजिनचं विचारत नाही. तो दोन गोष्टी विचारतो, पार्ट इथे मिळतील का आणि तीन वर्षांनी विकली तर किती येतील. अल्टोची क्लचप्लेट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात फळीवर असते, ओरिजिनल नको असेल तर तीन प्रकारच्या असतात. कमी खपणाऱ्या गाडीची, कंपनी कुठलीही असो, ती मागवावी लागते आणि तोवर गाडी माझ्या दारात उभी. मग मीच सांगतो बाबा मारुती घे. हे देशभरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं असणार. खप कमी म्हणून पार्ट नाहीत, पार्ट नाहीत म्हणून रिसेल नाही, रिसेल नाही म्हणून परत खप कमी. यात नावाचा काही संबंध नाही आणि स्टारचाही नाही.

घाटरस्ता

स्पॅनरदादांच्या मुद्द्यात भर. निसानचं विक्रीचं जाळं तेव्हाच उसवलेलं होतं. भारतात त्यांच्या गाड्या विकण्याचं आणि डीलर सांभाळण्याचं काम होव्हर ऑटोमोटिव्ह या बाहेरच्या कंपनीकडे दिलेलं होतं. २०१४ च्या सुरुवातीला निसानने तो करार संपवला आणि सगळं स्वतःकडे घेतलं, त्यावरून वादही झाला. म्हणजे बघा, जिच्यासाठी तालुक्या-तालुक्याला माणूस हवा अशी सगळ्यात स्वस्त गाडी आणायची आणि नेमक्या त्याच महिन्यांत विक्रीची घडी विस्कटलेली. महागडी गाडी घेणारा एक वेळ पन्नास किलोमीटर जाऊन सर्व्हिसिंग करून आणेल, अल्टोच्या बजेटवाला आपला दिवसाचा रोजगार बुडवून जाणार नाही. पहिल्या गाडीचं गिऱ्हाईक पकडायचं तर आधी सर्व्हिस सेंटर आणि मग गाडी, यांनी उलटं केलं.

नऊवारी ड्रायव्हर

मी बऱ्याच वेळापासून वाचतेय आणि आता राहवत नाही म्हणून लिहिते. माझ्याकडे रेडी-गो आहे, एक लिटरवाली, अजून चालवते, सातारा भागात.

चाकोरीबाहेर, तुम्ही लिहिलंय की कंपनी गिऱ्हाईकाला सांगतेय तुझं बजेट आमच्या नावाला पुरत नाही, पाहुण्यांना उत्तर द्यावं लागतं वगैरे. हे तुम्ही कोणाच्या मनातलं लिहिताय? मला असं एकदाही वाटलं नाही. मी गाडी घेतली कारण आईचे गुडघे गेलेत. अल्टोत बसायचं तर तिला आधी वाकून, मग एक पाय आत, मग अंग टाकून बसावं लागायचं आणि उतरताना दोघींनी ओढावं लागायचं. रेडी-गोची सीट उंच, दार उंच, ती नऊवारी नेसून पाठ टेकवून सरळ बसते आणि पाय आत घेते, कोणाचा हात लागत नाही. खालून १८५ मिमी मोकळी जागा, आमच्या घरापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात धुऊन जातो, खाली दगड लागत नाही. एवढ्या पैशात हे दुसरी कुठलीच गाडी देत नव्हती. लोगोवर काय लिहिलंय हे आईने आजवर विचारलेलं नाही.

स्वस्त घेणाऱ्याला लाज वाटते हे गृहीत धरूनच सगळे लिहितात, कंपन्याही तसंच धरून चालतात आणि मग आमच्यासाठी काही बनवायचंच बंद करतात. आज नवीन गाड्यांत या किमतीत काय उरलंय ते बघा.

चाकोरीबाहेर

ताई, तुमच्या आईंच्या बसण्याचं जे लिहिलंत तेच कंपनीने जाहिरातीत दाखवायला हवं होतं, आणि माझं दुखणंही तेच आहे. गाडीत चांगलं होतं ते लोकांपर्यंत गेलंच नाही. लाज वाटते असं मी म्हणत नाही, मी म्हणतो की खात्री वाटत नाही. एका गाडीवर कंपनीचं मुख्य नाव असतं तेव्हा तिचं काही बिघडलं तर कंपनीची अब्रू जाते, म्हणून कंपनी मागे उभी राहणार असं माणूस धरून चालतो. वेगळं नाव असलं की ते उद्या बंद करता येतं, आणि केलंच ना.

सीनकाठी

मी फ्रान्समध्ये राहतो, गाड्यांच्याच क्षेत्रात आहे, त्यामुळे धाग्याच्या मूळ मुद्द्याला विरोध करायला हवा. वेगळं बजेट नाव चालत नाही हे सरसकट खोटं आहे. डाचिया बघा. रोमेनियाची कंपनी, रेनोने १९९९ ला घेतली, २००४ ला लोगान काढली, आणि २०२४ ला डाचिया सँडेरो ही अख्ख्या युरोपात सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी ठरली. फोक्सवॅगनची गोल्फ मागे, रेनोची क्लिओ मागे. आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये डाचिया उभ्या आहेत आणि त्यांचे मालक डॉक्टर, शिक्षक, सगळे आहेत. इथे लोक अभिमानाने सांगतात की मी गाडीवर उगाच पैसे घालवले नाहीत.

डाचियाने केलं काय तर रेनोचे आधीच वसूल झालेले, वर्षानुवर्षं तपासलेले पार्ट वापरले, मॉडेल मोजकीच ठेवली, आणि मग डस्टरसारखी गाडी दिली जी लोकांना मनापासून हवीशी वाटली, परवडते म्हणून नाइलाजाने घेतलेली नाही. डॅटसनकडे तशी एकही गाडी नव्हती. रशियात तर ऑन-डो आणि मी-डो म्हणजे सरळ तिथल्याच लाडा ग्रांटा आणि कालिना, लाडा बनवणाऱ्या अॅव्हटोवाझच्या टोग्लियाटीच्या कारखान्यातच बनायच्या, थोडं नाक-डोळे बदलून. रशियन माणसाला शेजारच्या शोरूममध्ये तीच लाडा मिळत होती आणि लाडा दुरुस्त करणारे गल्लोगल्ली.

चाकोरीबाहेर

सीनकाठी, डाचियाची वाट बघतच होतो. पण युरोपात डाचिया चालवणाऱ्या रेनोने तीच डस्टर २०१२ ला भारतात आणली तेव्हा तिच्यावर नाव कुठलं लावलं? रेनो. डाचिया हा शब्दसुद्धा इथे आणला नाही, आणि डस्टर धडाक्यात चालली. युरोपातला माणूस दुसरी-तिसरी गाडी घेत असतो, त्याच्या दृष्टीने साधी गाडी ही निवड आहे. इथे पहिली असते. आणि रशियाचं तुम्ही लिहिलंत ते माझ्याच बाजूने जातं, उसन्या गाडीला वेगळं नाव चिकटवून भागत नाही. इंडोनेशियात बघा, सरकारच्या स्वस्त गाड्यांच्या योजनेत टोयोटा अॅग्या आणि दाइहात्सु आयला या जुळ्या गाड्या, टोयोटाने अॅग्याला आपलं नाव द्यायला कमीपणा मानला नाही. त्यांच्यासमोर गो नुसती उभी राहिली.

सीनकाठी

डस्टर रेनोच्या नावाने चालली हे खरं. पण त्याआधी लोगानही रेनोच्याच नावाने आली होती ना, २००७ ला, महिंद्राबरोबर, आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनायची. चार मीटरपेक्षा लांब म्हणून लहान गाडीची करसवलत नाही, दिसायला चौकोनी, खासगी गिऱ्हाईक आलं नाही, टॅक्सीवाल्यांनी उचलली, शेवटी रेनो बाजूला झाली आणि महिंद्राने व्हेरिटो म्हणून चालवली. नाव तेच, कंपनी तीच, एक गाडी पडली आणि एक पळाली. मग नावाने ठरतंय की गाडीने?

हिशेबनीस

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं तुम्ही सगळे २०१४-१५ मध्ये अडकलाय. डॅटसन बंद पडली २०२० ते २२ मध्ये आणि तेव्हा काय चाललं होतं ते बघायला हवं.

एप्रिल २०१९ पासून प्रत्येक गाडीला एबीएस, जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, ऑक्टोबरपासून क्रॅशचा नियम, आणि एप्रिल २०२० पासून धुराचा कडक नियम, बीएस-६. यातला कुठलाच खर्च गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत येत नाही, तो गाडीमागे जवळपास ठरलेला असतो. बारा लाखाच्या गाडीत तो मुरून जातो, तीन लाखाच्या गाडीत सगळा नफा खातो. मे २०२० ला बीएस-६ रेडी-गो २ लाख ८३ हजारापासून आणली होती, यात कंपनीच्या हातात काय उरत असेल? नुसती डॅटसन नाही, खुद्द अल्टो ८०० सुद्धा २०२३ ला मारुतीने बंद केली. तो थरच संपला. ताईंचं म्हणणं बरोबर आहे की आता या किमतीत काही उरलेलं नाही, पण त्याला कंपन्यांची मानसिकता एवढी जबाबदार नाही जेवढा हा हिशेब आहे. (आणि नियम आले ते योग्यच झालं, मुळशीचा पाऊस यांच्याशी मी सहमत आहे.)

दुसरं म्हणजे डॅटसन हे एका माणसाचं स्वप्न होतं. घोन यांना नोव्हेंबर २०१८ ला टोकियोत अटक झाली. त्यानंतर निसानमध्ये त्यांच्या विस्ताराच्या धोरणावर पाणी सोडायला सगळे तयारच होते. डिसेंबर २०१९ ला माकोतो उचिदा प्रमुख झाले, मार्च २०२० ला संपलेल्या वर्षाचा तोटा ६७१ अब्ज येन, आणि मे २०२० च्या योजनेत उत्पादनक्षमता वीस टक्के कमी करून ५४ लाख गाड्यांवर, मॉडेल ६९ वरून ५५ च्या खाली. अशा वेळी कात्री कुठे लागणार? जिथे गाडीमागे नफा सगळ्यात कमी आणि आतून बाजू मांडणारा कोणी नाही तिथे. गो थोडी बरी खपत असती तरी वाचली नसती.

चाकोरीबाहेर

नाही पटलं. त्याच निसानने, त्याच तोट्याच्या काळात, डिसेंबर २०२० ला, त्याच चेन्नईच्या कारखान्यातून मॅग्नाइट काढलीच ना? ४ लाख ९९ हजारापासून, त्या वेळी चार मीटरखालच्या एसयूव्हींत सगळ्यात स्वस्तातली. पैसा नव्हता असं नाही. स्वस्तात आणून धक्का द्यायचा, हा विचारही डॅटसनचाच होता. फक्त या वेळी नाकावर निसान लिहिलं होतं. आणि निसानला भारतात तगवून धरलं ते त्याच गाडीने.

पाचवा गिअर

मॅग्नाइटचं यश नावामुळे? तिला आठ इंची स्क्रीन होती, टर्बो इंजिनबरोबर सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअर होता, दिसायला दांडगी होती. खणाला झाकण होतं. दोन वर्षं आधी हीच निसान किक्स घेऊन आली होती, नाकावर निसानच लिहिलेलं, तिला कोणी विचारलं नाही. आणि इटिऑसचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

चाकोरीबाहेर

किक्स महाग होती, ह्युंदाईच्या क्रेटासमोर उभी केली, ते वेगळं प्रकरण.

इटिऑसचं देतो. इटिऑस खासगीत पडली पण टोयोटाने ती दहा वर्षं सोडली नाही, पार्ट मिळत राहिले, टॅक्सीवाले आजही तिची आठवण काढतात, जुनी विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळतं. मुख्य नाव मागे असलं की पडलेली गाडीसुद्धा अशी पडते. आणि पुढे त्याच टोयोटाने २०१९ ला मारुतीची बलेनो घेऊन तिच्यावर आपला लोगो लावला, ग्लान्झा म्हणून. गाडी मारुतीची आहे हे सगळ्यांना माहीत असून लोक टोयोटाच्या शोरूममध्ये जाऊन घेतात. मग नावाला किंमत नाही असं कसं म्हणणार?

पाचवा गिअर

ग्लान्झा चालते कारण मुळात बलेनो चांगली आहे आणि तिचा पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो. स्पॅनरदादांना विचारा.

जुना स्पॅनर

पार्ट मिळतो. आजच एका ग्लान्झाचे ब्रेकपॅड टाकले, पुडक्यावर मारुती लिहिलेलं, मालकाने वाचलं आणि काही बोलला नाही. पण तो गाडी घ्यायला टोयोटातच गेला होता, हेही खरं.

नऊवारी ड्रायव्हर

स्पॅनरदादा, एक विचारायचं होतं. रेडी-गोची एक लिटर आणि क्विडची एक लिटर यांचे क्लच, ब्रेक, सस्पेन्शनचे कुठले कुठले पार्ट एकमेकांना बसतात? निसानने सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवणार असं बंद करतानाच सांगितलंय, पण क्विडवर चालणारे सामान जवळ मिळालं तर मला गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची आहे.

जुना स्पॅनर

ताई, खालचं सामान बरंचसं एकाच घरचं आहे, पण अंदाजाने घेऊ नका. जुन्या पार्टवर नंबर छापलेला असतो तो लिहून घ्या, रेनोच्या काउंटरवर नुसतं गाडीचं नाव न सांगता तो नंबर दाखवा आणि पार्ट शेजारी ठेवून जुळवून बघा. गाडी ठेवा, इंजिन चांगलं आहे, ऑइल वेळेवर बदला.